नवा प्रोसेसर घ्यायचा की नाही? आधी आठवडाभर वही लिहा

मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता होडी लागते आणि डोक्यावर टॉवेल घेतलेली आठ-दहा माणसं उतरतात. पाण्याखालचा आपापला व्हिडिओ प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता मोबाइलवर हवा असतो, कारण जेवण झालं की त्यांची गाडी गोव्याकडे निघणार. ते व्हिडिओ जिथे तयार होतात त्या खोलीत मी बसतो. होडीवाला दारातून डोकावतो, "किती वेळ लागतलो रे अजून? लोकां थांबली हत." पडद्यावर एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवण्याचा टप्पा) ६३ टक्क्यांवर अडलेला.

अशा वेळी नव्या प्रोसेसरच्या जाहिराती फार गोड दिसतात. माझी मशीन एएमडी कंपनीच्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरची. बी४५० चा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो), १६ जीबी रॅम, मध्यम ग्राफिक्स कार्ड. सगळं काढून नवं बसवायचं, असं मनाशी ठरलंच होतं. मग हंगाम थोडा ओसरला, डोकं थंड झालं आणि मी हिशेब मांडला. त्याच हिशेबाची ही रीत. व्हिडिओचं काम करणारे, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले, गेम खेळणारी पोरं, सगळ्यांना ती लागू पडते. आकडे मात्र प्रत्येकाचे आपापले काढायचे.

पहिली पायरी: वही

आठवडाभर टेबलावर एक साधी वही ठेवा. कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं गेली ते मोबाइलच्या घड्याळावर बघून लिहा. अंदाजाने लिहू नका. वाट बघण्याची दोन मिनिटं माणसाला दहा वाटतात आणि मजेत गेलेली दहा मिनिटं दोन.

माझ्या वहीत एका गटाच्या कामाची सरासरी अशी निघाली: कॅमेऱ्याच्या कार्डावरून फायली उतरवणं १५ मिनिटं, चांगले तुकडे निवडणं १२, कापाकापी आणि संगीत ९, एक्सपोर्ट ११, मोबाइलवर देणं ४. एकूण ५१ मिनिटं.

हे बघून मीच गप्प झालो. शिव्या मी देत होतो एक्सपोर्टला आणि सगळ्यात जास्त वेळ खात होतं कार्ड. कारण अगदी फालतू होतं. कार्ड रीडर जुना, यूएसबी २ चा, आणि तोही कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला खुपसलेला. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो. ३२ जीबीचं भरलेलं कार्ड त्या वेगाने उतरवायला पंधरा मिनिटं लागणारच. यूएसबी ३ चा रीडर मागच्या निळ्या पोर्टला लावला, कार्ड साधारण ९० एमबीने वाचलं जाऊ लागलं आणि तेच काम सहा मिनिटांत होऊ लागलं. काही शे रुपयांच्या वस्तूने नऊ मिनिटं वाचवली. जगातला कुठलाही प्रोसेसर ही नऊ मिनिटं वाचवू शकला नसता.

यामागे एक जुना नियम आहे. जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला, म्हणून त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याएवढाच होतो. ५१ मिनिटांत प्रोसेसरच्या खांद्यावरची मिनिटं जर ११ असतील, तर दुप्पट वेगाच्या प्रोसेसरने साडेपाचच वाचतील. दहापट वेगाचा आणला तरी पूर्ण ११ वाचणार नाहीत. दुकानदार 'दुप्पट वेग' म्हणतो तेव्हा तो त्या ११ मिनिटांबद्दल बोलत असतो आणि आपण ५१ डोळ्यासमोर आणून खूश होतो.

दुसरी पायरी: नेमकं अडतंय कुठे

आता वहीतले फक्त मशीनचे टप्पे घ्या. काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. सीपीयूच्या आलेखावर माउसचं उजवं बटण दाबून लॉजिकल प्रोसेसर्स निवडलं की एकाऐवजी आठ, बारा, सोळा छोटे आलेख दिसतात.

सगळे आलेख काम संपेपर्यंत नव्वदीच्या वर चिकटून असतील तर प्रोसेसर खरंच दमलाय. जास्त कोअरचा, म्हणजे काम करणारे भाग जास्त असलेला, प्रोसेसर घेतला तर फरक पडेल.

एकूण आकडा कमी दिसतो पण काम रखडतं, ही गोष्ट मात्र फसवी आहे. १२ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे १२ धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एकच थ्रेड जीव तोडून राबत असेल तर एकूण आकडा दिसतो जेमतेम ८ टक्के, आणि विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर ढकलत असल्यामुळे कुठलाच आलेख पूर्ण भरलेला दिसत नाही. जुनी अकाउंटिंगची सॉफ्टवेअर, फोटोशॉपमधली काही फिल्टर, कित्येक गेम अशीच वागतात. तिथे कोअरची संख्या वाढवून काही होत नाही, एका कोअरचा वेग वाढावा लागतो. म्हणजे नवी पिढी हवी, पण महागातलं मॉडेल नको. साधा सहा कोअरचा नवा प्रोसेसर तिथे सोळा कोअरच्या जुन्यापेक्षा बरा.

ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे आणि प्रोसेसर निवांत असेल तर प्रोसेसर बदलून गेम तसूभरही पळणार नाही. खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडलंय, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर.

मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवा. डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर पुढचं वाचायच्या आधी एसएसडी घ्या. तालुक्याच्या गावांत 'कॉम्प्युटर स्लो झालाय' म्हणून येणाऱ्या मशिनींमध्ये मला तरी हेच दुखणं सगळ्यात जास्त दिसलंय.

तिसरी पायरी: जुन्याला आधी धडपणे चालवा

आपल्या किनारपट्टीवर ही पायरी टाळून चालत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. प्रोसेसरवरच्या कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर धूळ बसते, दमट हवेत तिचा लगदा होतो आणि मिठाने पात्यांवर पांढरट पावडर धरते. वारा आत शिरतच नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास, रायझन ५००० आणि ७००० ची ९०-९५ च्या आसपास. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात सुरुवातच ३४-३५ अंशांपासून होते, हे धरून चाला.

एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे मोफत साधन टाका, तुमचं सगळ्यात जड काम दहा मिनिटं चालवा आणि तापमानाबरोबर कोअरचा वेगही बघा. पहिल्या मिनिटाला ३.८ गिगाहर्ट्झ आणि आठव्या मिनिटाला ३.१ असेल, तर पैसे देऊन घेतलेला वेग तुम्हाला मिळतच नाहीये. प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. रॅमच्या सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतील तर साधा खोडरबर चालतो. कॅबिनेट जमिनीवर नको आणि समुद्राकडच्या खिडकीसमोर तर मुळीच नको.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम घेतलेली असते आणि एक्सएमपी नावाची सेटिंग चालू न केल्यामुळे ती २१३३ किंवा २४०० वर रखडत असते. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाका. रायझनला दोन पट्ट्यांचा फायदा चांगला दिसतो, आणि प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तर फारच.

व्हिडिओवाल्यांसाठी आणखी एक. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंगची (व्हिडिओची फाइल बनवण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी) सेटिंग चालू आहे का ते तपासा. माझ्याकडे ती बंद होती, किती वर्षं ते विचारू नका. चालू केली, कूलर साफ केला आणि ११ मिनिटांचा एक्सपोर्ट ८ वर आला. त्याखाली तो उतरेना, कारण पाण्याखालचा निळा-हिरवा रंग सुधारणं आणि हलणारं चित्र स्थिर करणं अजून प्रोसेसरच करत होता. टाइमलाइन अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे कापाकापीसाठी हलक्या नकला, करून काम करा. त्याला पैसे पडत नाहीत.

इथवर येईपर्यंत माझी ५१ मिनिटं ३९ वर आली होती आणि खर्च झाला होता एक कार्ड रीडर आणि थर्मल पेस्टची एक ट्यूब.

चौथी पायरी: तुमच्या बोर्डावर काय बसतं

आता उरलेल्या मिनिटांसाठी प्रोसेसरकडे वळू. सीपीयू-झेड या मोफत साधनात प्रोसेसर आणि मदरबोर्डचं पूर्ण नाव मिळतं. ते कागदावर लिहा, मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलची प्रोसेसर-यादी काढा. दुकानदाराचं 'बसतं की' यापेक्षा ही यादी खरी.

बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर तुम्ही नशीबवान. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत ते टिकलं. बी४५० च्या बहुतेक बोर्डांवर बायोस अपडेट करून सहा कोअरचा ५६०० किंवा आठ कोअरचा ५७००एक्स बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच. गेमसाठी ५८००एक्स३डी हा वेगळाच प्राणी आहे. त्यात ३२ ऐवजी ९६ एमबी कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) आहे आणि गेमना ती मानवते. माझ्या कामात तिचा उपयोग जवळपास शून्य, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं. त्याला डीडीआर५ रॅमच लागते. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देत राहू, असं एएमडीने जाहीर केलंय.

इंटेलकडे सॉकेट लवकर बदलतात आणि सापळेही जास्त. एलजीए११५१ हे नाव सहाव्या पिढीपासून नवव्यापर्यंत एकच, पण सहावी-सातवी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालते, आठवी-नववी ३०० मालिकेच्या. खाचा सारख्या दिसतात आणि मशीन चालू होत नाही. एलजीए१२०० वर दहावी आणि अकरावी पिढी, पण एच४१० आणि बी४६० हे चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपचे प्रकार) अकरावीसाठी धरू नका. एलजीए१७०० वर बारावी, तेरावी, चौदावी. तिथे आय३-१२१०० वरून थेट आठ-दहा कोअरवर उडी मारता येते, बोर्ड न बदलता. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ हे नवं सॉकेट लागतं.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर जुना घेणार असाल तर सावध. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही अस्थिर होत गेले. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीनची पाच वर्षं केली. पण झालेली इजा मायक्रोकोडने भरून येत नाही, आणि जुन्याचा मालक त्याच्यावर काय चालवत होता ते तुम्हाला कळणार नाही.

शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाहीत. रायझन ५००० मध्ये जी नसेल तरी तेच. ऑफिसच्या मशीनवर रायझन ३४००जी काढून ५६०० टाकला, वेगळं कार्ड नाही, पडदा काळा. मग दोष सगळ्यांना दिला जातो, वाचलं कुणीच नसतं.

पाचवी पायरी: पूर्ण बिल

प्रोसेसरची किंमत म्हणजे बिल नव्हे. सॉकेट बदलत असेल तर बोर्ड आणि बहुधा रॅमही आली. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके चढलेत की डीडीआर५ चा आकडा बघूनच काहींचा विचार बदलतो. मोठ्या प्रोसेसरबरोबर कूलर येतोच असं नाही. पॉवर सप्लायही बघा. ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा रायझन भराला आल्यावर ८८ वॉटपर्यंत घेतो, १७० चा २३०, आणि आय९-१४९००के २५३ पर्यंत जातो. आपल्याकडे याचा थेट संबंध यूपीएसशी येतो. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. असा प्रोसेसर आणि वर ग्राफिक्स कार्ड धरलं की वीज जाताच यूपीएस नुसता किंचाळून बंद पडेल. मग यूपीएसही बिलात धरा.

वॉरंटीचा प्रवासही धरा. सुटा, डब्याशिवायचा ट्रे प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची जबाबदारी सहसा विकणाऱ्याची असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला दुकानात चक्कर मारता येते. मालवणातून ते कुरियर, फोन आणि पंधरा दिवस बंद मशीन असं प्रकरण होतं. मी डबाबंदच घेतो.

आता भागाकार. समजा जुन्याच बोर्डावर प्रोसेसर बदलायला १८ हजार लागतात, एका गटामागे पाच मिनिटं वाचतात, दिवसाला सहा गट. म्हणजे रोज अर्धा तास. हंगामात कामाचे १५० दिवस धरले तर ७५ तास. तासाला २४० रुपये पडले. दुसरीकडे सगळं नवं घ्यायला ६० हजार आणि रोज ४० मिनिटं वाचतात, म्हणजे १०० तास. तासाला ६००. ऐकायला फार वाईट नाही. पण खरा प्रश्न दोन पर्यायांमधल्या फरकाचा आहे: ४२ हजार जास्त देऊन २५ तासच जास्त मिळतात. म्हणजे त्यातला प्रत्येक तास १,६८० रुपयांचा. माझ्या कामाला तासाला एवढे मिळत नाहीत. निर्णय तिथेच झाला.

वाचलेल्या वेळात तुम्ही खरंच जास्त काम घेणार आहात का, हेही स्वतःला विचारा. होड्या ठरलेल्या, माणसं ठरलेली. मला जास्त गट मिळणार नव्हते, पण होडीवाला दारात कमी वेळा येणार होता. त्यालाही माझ्या लेखी किंमत आहे, म्हणून २४० रुपये तास मला परवडले.

मिनिटांच्या हिशेबाबाहेरचं एकच कारण मी मानतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० आणि त्यापुढचं लागतं. आय७-७७०० अजून झकास चालत असला तरी या यादीत नाही. त्या मशीनवर बँकेची आणि सरकारी कामं चालत असतील तर बदल करावाच लागेल, आणि तिथे नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही.

सहावी पायरी: चाचण्या वाचताना

कंपनीची टक्केवारी बाजूला ठेवा आणि तुमच्याच सॉफ्टवेअरची चाचणी शोधा, तीही तुमच्या सध्याच्या प्रोसेसरशी तुलना केलेली. गेमच्या चाचण्या मुद्दाम सगळ्यात महागडं कार्ड लावून आणि कमी रिझोल्यूशनवर करतात, म्हणजे प्रोसेसरमधला फरक उठून दिसावा. तुमच्या मध्यम कार्डावर तो फरक विरघळून जातो. आणि नवं म्हणजे सरसच, हेही खरं नाही. आय९-१०९००के ला दहा कोअर होते, त्यानंतरच्या ११९००के ला आठच. कोअर अल्ट्रा २०० आला तेव्हा कितीतरी गेममध्ये तो आधीच्या चौदाव्या पिढीच्या मागे पडला.

सातवी पायरी: बसवणं

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा, नंतर नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो. म्हणून हे काम जून-जुलैत, वादळी वाऱ्यात फांद्या तारांवर पडत असताना काढू नका. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागल्यावरही नको. यूपीएसवर, सकाळच्या वेळी, आभाळ स्वच्छ असताना करा. नुसता घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं यूपीएस मोडचं बटण चालू आहे ना ते बघा, नाहीतर वीज बदलताना मशीन रीस्टार्ट होतं.

एएम४ वाल्यांनी हे लक्षात ठेवा: पिना प्रोसेसरला असतात आणि जुनी पेस्ट वाळून सिमेंटसारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून उपटून बाहेर येतो, कधी वाकलेल्या पिनांसह. आधी दहा मिनिटं मशीन जड कामावर चालवून गरम करा, मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवा. इंटेलच्या नव्या सॉकेटमध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डाला असतात. तिथे प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, घासायचा किंवा दाबायचा नाही.

बसवून झालं की पुन्हा वही उघडा आणि आणखी एक आठवडा तेच टप्पे लिहा. मी ५७००एक्स बसवला. एक्सपोर्ट ८ चा ४ झाला, कापाकापीतलं अडखळणं एका मिनिटाने कमी झालं, एकूण ३४. आता सगळ्यात जास्त वेळ तुकडे निवडायला लागतो, १२ मिनिटं, आणि ते काम माझं आहे. जुना प्रोसेसर लगेच विकू नका. नवा कुरकुरला तर परत तोच बसवून काम चालू ठेवता येतं. माझा २६०० महिनाभर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवला होता, मग कुडाळच्या भाच्याच्या मशीनमध्ये गेला.